मशीनखालची जागा

४ फेब्रुवारी

आज पुन्हा तेच. मुंगी माझ्या शिलाई मशीनच्या टेबलाखाली पाठमोरी बसून चिंध्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "मुंगी, दूध पितेस का?" हात लांब केला असता तर तिच्या केसांना लागला असता, इतकी जवळ होती. तिने मान वळवली नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आजींनी हाक मारली, तशी मात्र उठून तुरुतुरु गेली.

दुसऱ्यांदा हाक मी मारत नाही. लग्न होऊन या घरात आले त्या आठवड्यातच हा नियम मी स्वतःपुरता केला. त्याला आता वर्ष होत आलं. तिची आई गेली तेव्हा ती जेमतेम पावलं टाकायला लागली होती. त्यानंतर घरात जी बाई आली ती काही तिने निवडलेली नाही. न निवडलेल्या माणसाने एकदा बोलवावं, समोरचं आलं नाही तर आपल्या कामाला लागावं. मोठ्या माणसाशीही मी असंच वागले असते.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. मुंगीमुळे त्या सगळ्यांच्याच आजी झाल्या आहेत, माझ्याही. त्यांच्या हाकेला मुंगी हटकून ओ देते. रक्ताची ओढ म्हणतात ती अशीच असणार. मला हेवा वाटत नाही असं लिहिणार होते, पण इथे तरी खोटं कशाला लिहा.

७ फेब्रुवारी

शाळेच्या सभागृहाचा पडदा आला आहे शिवायला. जाड मखमल, एका माणसाला उचलत नाही. खोलीभर पसरला आहे. नवरा बेकरीतून आला तो त्यावरून उड्या मारत आतल्या खोलीत गेला आणि लगेच झोपला.

त्याची पाळी पहाटेच्याही आधी सुरू होते. त्यामुळे दुपारपासून संध्याकाळपर्यंत आमचं घर कुजबुजत असतं. गंमत म्हणजे मशीनने त्याची झोप मोडत नाही. बेकरीत कणीक मळायच्या यंत्राशेजारी उभं राहून त्याचे कान त्या घरघरीला सरावले आहेत. शब्दांनी मात्र तो टक्क जागा होतो. म्हणून मशीन चालतं आणि माणसं खालच्या आवाजात बोलतात. माझा आवाज मुळातच बारीक, मला काही वेगळं करावं लागत नाही. आजींना कुजबुजणं जमत नाही. त्यांची कुजबुज खालच्या दुकानदाराला ऐकू जाते. परवा त्यांनी माझ्या कानात म्हणून सांगितलं की खालचा मापात मारतो, आणि तो दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "वहिनी, आजींना सांगा, वजन समोर करून देतो."

१२ फेब्रुवारी

मुंगीचा कान पुन्हा दुखतोय. सकाळपासून ताप. या हिवाळ्यात हे कितव्यांदा, ते मोजायचं मी सोडलं आहे. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी तेच गुलाबी औषध दिलं आणि तेच वाक्य म्हणाले, की या वयात होतंच, मोठी झाली की जाईल.

एरवी ती माझ्याकडे येत नाही, पण कान दुखला की येते. अंगावर चढते आणि कान माझ्या गळ्याशी, इथे हाडाशी, घट्ट दाबून धरते. मला वाटतं तिला तिथे ऊब मिळते, शेक बसतो. आज दुपारभर तशीच होती. मी काहीबाही बोलत राहिले. मखमलीबद्दल, पडद्याला किती टीप लागेल त्याबद्दल. मी थांबले की ती डोळे उघडायची, बोलायला लागले की मिटायची. शेवटी झोपली. औषधाने असेल.

दुखणं वाईटच, पण आजच्या दुपारबद्दल मी कुणाचे तरी आभार मानायला हवेत.

२० फेब्रुवारी

कान बरा. मुंगी पुन्हा टेबलाखाली.

मी बोलते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. जणू मी खरं बोलतेय की नाही ते तपासतेय. काल मी उठून आरशात बघून आले, दातात काही अडकलंय का म्हणून.

माझ्यापेक्षा मशीनशी तिचं बरं जमतं. लोखंडी पायाला गाल लावून बसते, मशीन चालू असेपर्यंत तासन्‌तास. मी पायपट्टीवरचा पाय काढला की लगेच बाहेर येऊन निघून जाते.

२ मार्च

बालवाडीच्या बाईंनी बोलावलं होतं. मुंगी इतर मुलांत मिसळत नाही, गोष्ट सांगताना खिडकीबाहेर बघत बसते, गाण्याला तोंड हलवते पण शब्द नसतात. बाई फार मायेने विचारत होत्या, घरात अलीकडे काही बदल झालाय का. विचारताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली. चांगल्या बाई आहेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही माझ्याकडेच बघितलं असतं.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वेळ दे तिला. सगळे हेच म्हणतात. मी देतेच आहे. वेळेशिवाय माझ्याकडे दुसरं काही कुणी मागतही नाही.

११ मार्च

आज अक्षर वेडंवाकडं येईल.

आज मी आजींना कान तपासायला घेऊन गेले. जायला त्या तयारच नव्हत्या. माझ्या कानांना काही झालेलं नाही, तुम्हीच सगळे पुटपुटता, हे त्यांचं म्हणणं. टीव्ही इतका मोठा लावतात म्हणून शेवटी नवऱ्यानेच वेळ ठरवली. मुंगीला घरी कुणापाशी ठेवणार, म्हणून तीही बरोबर.

कान तपासणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, हसऱ्या. सर्दी झाली होती म्हणून तोंडाला मास्क लावला होता. आजी काचेच्या खोलीत बसल्या, आवाज आला की बटण दाबायचं. आजी बटण न दाबता ओरडून सांगायच्या, "आला." मुंगी खाली जमिनीवर खेळण्यांच्या टोपलीत रमली होती. बाईंनी तिला मागून विचारलं, "तुला हा हत्ती हवाय का?" मुंगी गप्प. मी नेहमीसारखं म्हटलं, की ती जरा अबोल आहे, तिला वेळ लागतो.

बाईंनी टेबलावरून घंटा उचलून मुंगीच्या डोक्यामागे हळूच वाजवली. मग जरा जोरात. मग त्यांनी मास्क खाली केला, समोर जाऊन बसल्या आणि तोच प्रश्न विचारला. मुंगीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हत्ती घेतला.

"हिचे कान कधी तपासलेत का?"

मी म्हटलं, दुखतात तेव्हा औषध देतो.

आजींची तपासणी राहिली बाजूला. मुंगीच्या कानात एक छोटं रबरी बूच लावलं, यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटली. निरोगी कानाची रेघ मध्ये डोंगरासारखी वर चढते म्हणे. मुंगीची सपाट होती, दोन्ही कानांची. कानाच्या पडद्याच्या आत पाणी साचलंय, ते घट्ट झालंय, बाई म्हणाल्या. बोटं कानात घालून आपण जसं ऐकू तसं तिला ऐकू येतं. मग आवाज आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, असा खेळ बाईंनी तिला दाखवला. कानामागच्या हाडावर गुंडीएवढं यंत्र लावून आवाज सोडला तेव्हा मात्र मुंगी लगेच हसली आणि ठोकळा टोपलीत टाकला. हाडावाटे तिला उत्तम ऐकू येतं, आतली नस अगदी ठणठणीत आहे, म्हणजे हे बरं होण्यासारखं आहे. बाईंनी ते दोनदा सांगितलं, कारण मी पहिल्या वेळी ऐकलंच नाही.

येताना आजी रस्ताभर सांगत होत्या, बघ, मी म्हटलं नव्हतं, माझे कान चांगले आहेत, खराब हिचे आहेत.

१२ मार्च

काल लिहायचं धाडस झालं नाही ते आज लिहिते. बाईंनी सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी मला आनंद झाला. मुलीला ऐकू येत नाही हे कळलं आणि माझ्या मनात आलं, म्हणजे मी नकोशी नाही. एक क्षणच. मग तिच्या केसांवरून हात फिरवताना माझी मलाच लाज वाटली.

सपाट रेघेने एवढंच सांगितलं आहे, की तिला माझी हाक पोचत नव्हती. पोचली असती तर ती आली असती की नाही, ते रेघेला कुठे माहीत आहे?

२१ मार्च

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ. बोलताना मुंगीच्या उंचीला येऊन बसले. म्हणाले, कधी कधी पाणी आपणहून ओसरतं, म्हणून जरा थांबू, पुन्हा तपासू. नाही ओसरलं तर पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढायचं आणि तिथे नळी बसवायची, तांदळाच्या दाण्याहून लहान. आत हवा खेळली की पाणी साचत नाही, दुखणंही कमी होतं. काही महिन्यांनी नळी आपली आपण पडते.

तोवर समोर जाऊन बोला, खांद्याला हात लावून बोलवा, स्पष्ट आणि मोठ्याने बोला. हे शेवटचं ऐकून आजींनी माझ्याकडे असं बघितलं, की जन्मभर त्या करत आल्या त्याला आज सरकारी शिक्का मिळाला.

५ एप्रिल

खांद्याला हात लावते, ती वळते, मग बोलते. ती ऐकते. तिने आज स्वतःहून मला चार वाक्यं सांगितली, एका गोगलगायीबद्दल. शब्दांच्या शेवटची अक्षरं ती खाऊन टाकते हे मला आजवर लाडाचं बोलणं वाटत होतं. नवरा झोपलेला असताना आम्ही दोघी जिन्यात जाऊन बोलतो. जिन्यात आवाज घुमतो, ते तिला आवडतं.

२८ एप्रिल

मधे पुन्हा एकदा कान वाहिला. आज तपासणी झाली. रेघ सपाटच. डॉक्टर म्हणाले, आता नळ्या बसवाव्यात. पूर्ण भूल द्यावी लागेल, काम थोडक्या वेळाचं, त्याच दिवशी घरी.

नवरा नुसतं 'बरं' म्हणाला. आजींनी घरी आल्याबरोबर जाहीर केलं, एवढ्याशा कानात कसली नळी घालता, कान आहे का पाण्याची टाकी.

३ मे

नवऱ्याने अजून दवाखान्यात फोन केलेला नाही. विसरलो म्हणतो. बेकरीत मात्र कुणाकुणाच्या पाळ्या आपणहून घेतोय. घरात इतका पाव आणून ठेवलाय की आजी शेजारीपाजारी वाटतायत. आज मी विचारलं तेव्हा म्हणाला, बघू, उन्हाळा जाऊ दे.

मला वाटतं या निर्णयात मी बोललेलं त्याला आवडत नाही. मुलगी त्याची आहे. मी म्हटलं तर तिची कोण? आम्ही भांडलो, पण कुजबुजून, कारण मुंगी झोपली होती. मधेच माझ्या लक्षात आलं की नेहमीच्या आवाजात बोललो असतो तरी तिला ऐकू गेलं नसतं, आणि मला इतकं रडू आलं की भांडण तिथेच संपलं.

६ मे

मी किती चुकीचं वाचत होते.

आज तो कामावरून आला, झोपायला गेला नाही. मी मशीनवर होते. समोर कापडाच्या ताग्यावर बसला. अंगाला पावाचा वास, भुवयांवर पीठ. मी मशीन थांबवलं तर म्हणाला, चालू ठेव. मग मशीनच्या आवाजात, खाली बघत, त्याने मला ते सांगितलं जे वर्षभरात सांगितलं नव्हतं. मुंगीच्या आईलाही ढकलगाडीवरून असंच आत नेलं होतं. तेही मोठं दुखणं नव्हतं. अर्ध्या तासात बाहेर आणतो म्हणाले होते. तो दाराबाहेर उभा होता, तिची चप्पल हातात धरून.

"त्या दाराशी माझे पाय थांबतात," तो म्हणाला. "तिला आत कोण नेणार म्हणून मी फोन करत नव्हतो. तू नेशील?"

मी नेईन म्हटलं. तो गेला, झोपला. मी दोन पडद्यांना उलटी टीप घातली आणि सगळी उसवली. वाईट वाटलं नाही. उसवताना सारखं मनात येत होतं, त्याने मला विचारलं. आजींना नाही, माझ्याकडे बघून, मला.

१७ मे

झालं. सगळं नीट झालं. आधी हेच लिहिते.

सकाळी उपाशीपोटी निघालो. आजी उपास नसताना उपाशी राहिल्या, मुलगी खात नाही तर मला कसं गिळवेल म्हणून. दवाखान्यात मुंगीला मोठा झगा दिला, तो दोनदा मुडपावा लागला. टाचण्यांशिवाय मुडपणं मला बघवेना, तर परिचारिकेने स्वतःच्या झग्याला अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. देव तिचं भलं करो. हाताला काम मिळालं.

दारापर्यंत नवरा आला. तिथे थांबला. मुंगीचे बूट त्याच्या हातात होते. मी ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि खुर्चीखाली ठेवले. का, ते मी त्याला सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. फक्त रिकाम्या हाताने माझा दंड एकदा धरला.

आत मला टोपी, मास्क, सगळं चढवलं. मुंगी माझ्या मांडीवर. खोली गार होती. भूल देणारे डॉक्टर, कानाचे डॉक्टर, दोन परिचारिका, सगळ्यांची तोंडं झाकलेली. सगळे तिच्याशी बोलत होते, गोड बोलत होते, आणि ती एका मास्ककडून दुसऱ्या मास्ककडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझंही तोंड झाकलेलं. तिचा ओठ थरथरायला लागला तेव्हा मला कळलं. तिच्या लेखी त्या खोलीत कुणीच बोलत नव्हतं.

मी मास्क खाली ओढला. एक परिचारिका अहो अहो म्हणाली. कानाचे डॉक्टर म्हणाले, "असू दे, तिला दिसू दे." मी म्हटलं, मुंगी, मी आहे, तुला झोप येईल, उठशील तेव्हाही मी असेन. तिने माझ्या तोंडावरून प्रत्येक शब्द उचलला. मग वर सरकली आणि कान माझ्या गळ्याशी दाबला, ताप आल्यावर दाबते तसा. मला अंगाईगीतं येत नाहीत. त्या वेळी तर काहीच आठवेना. तोंडातून निघाला तो मशीनचा आवाज. लांब टीप घालताना येतो तसा, घुर्रर्र, खोल गळ्यातून, न थांबता. भूल देणारे डॉक्टर हसले असतील, मी बघितलं नाही. त्यांनी तिच्या नाकाशी नळीचा मास्क धरला. तिने झटापट केली नाही. तिचं अंग हळूहळू जड झालं, शिवून झालेल्या मखमलीसारखं.

त्यांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि मी बाहेर आले. घुरघुर चालूच होती, नवऱ्याने दंड हलवला तेव्हा थांबली.

आम्ही बाकावर बसलो. तो दाराकडे बघत नव्हता, मी बघत होते. वाटून घेतल्यासारखं. मग दार उघडलं, डॉक्टर स्वतः आले, मास्क हनुवटीखाली, आणि दुरूनच मान डोलावली. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, बराच वेळ. दोन्ही कानांतून गोंदासारखं पाणी निघालं. नळ्या बसल्या.

जागी झाली ती रडतच, आणि आपल्याच रडण्याने दचकली. क्षणभर थांबली, पुन्हा रडून बघितलं, पुन्हा थांबली. परिचारिका हसायला लागली, मग आम्हीही.

१८ मे

आज दिवसभर घर नवीन असल्यासारखं चाललंय. संडासाची टाकी सुटली की ती पळत येते. बापाला पाव चावताना ऐकून म्हणाली, "बाबा, तुझ्या तोंडात कोण चालतंय?" आणि जेवताना आजींनी नेहमीसारखं वाढू का विचारलं तर दोन्ही हात कानांवर. "आजी, ओरडू नको ना." आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाल्या, घ्या, हिचे कान उघडले आणि माझं तोंड बंद झालं.

मी मशीन लावलं आणि मुंगी किंचाळून आतल्या खोलीत गेली.

२३ मे

कान किंचित वाहिले, ते अपेक्षितच होतं, थांबले. ताप नाही. ती बापाशी बोलते, आजींशी बोलते, खालच्या दुकानदाराशी बोलते. टेबलाखालची जागा रिकामी आहे. चिंध्यांच्या घड्या तशाच.

इतकं सगळं चांगलं झालं असताना मी हे लिहू नये, पण लिहिते. आता तिला ऐकू येतं. आता माझ्यापाशी सबब उरली नाही. मी काम करते आणि ती दुसऱ्या खोलीत असते. मशीनची जोड होती तोवर ती निदान माझ्या पायाशी तरी होती.

कृतघ्न बाई, असं स्वतःला म्हणून दिवा मालवते.

२६ मे

जुन्या गादीवाल्याकडून जाड फेल्टचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, तुकडे आणले. मशीनच्या चारही पायांखाली दुहेरी घालून ठेवले, मोटरच्या बैठकीलाही लावले. पट्टा ढिला होता तो घट्ट केला, तेल दिलं. आवाज निम्म्याहून कमी झाला. आजी म्हणाल्या, मशीन आहे की मांजर.

संध्याकाळी मुंगी दारात येऊन उभी राहिली. मी बोलवलं नाही, काम करत राहिले. ती टेबलाखाली शिरली.

थोड्याच वेळात बाहेर आली. लोखंडी पायावर हात ठेवून म्हणाली, "हे आता गुरगुरत नाही. आजारी आहे का?"

मी म्हटलं, झोपलंय. तुला त्रास होत होता ना.

"उठव. पण हळू उठव."

मी खाली बसले, मशीनचा एक पाय उचलून त्याखालचं फेल्ट काढलं. तिने गाल लावून बघितला. मग मला म्हणाली की तूही लाव. लावला. वर्षानुवर्षं त्या मशीनवर काम करतेय, असं कधी केलं नव्हतं. तिने वाकून हाताने पायपट्टी दाबली. गालफडातून, दातांतून, पार कवटीत घुर्रर्र घुमलं. ते मला ओळखीचं वाटलं, कुठे ऐकलंय ते पटकन आठवेना. "तुझ्यासारखं आहे," मुंगी म्हणाली. काय ते मला नीट कळलं नाही. मुलं काहीही म्हणतात.

एका पायाखाली आता फेल्ट नाही. टीप किंचित थरथरते. पण गिऱ्हाईकाला दिसणार नाही इतपतच.

४ जून

तपासणी चांगली. त्याच हसऱ्या बाई, आज मास्क नव्हता. मागून कुजबुजल्या, "हत्ती हवाय का?" मुंगी न वळता म्हणाली, "नको, आता जिराफ." मी बाईंचे हात धरले. काय बोलावं ते सुचलं नाही, तर त्या म्हणाल्या, अहो, आभार आजींचे माना, त्या आल्या नसत्या तर तुम्ही आला नसतात. हे ऐकून आजी इतक्या खूश झाल्या, की त्या भरात स्वतःसाठी यंत्र लावून घ्यायला तयार झाल्या. जाताना मात्र बजावलं, खराब कान माझे नाहीत, हे मी सोबत म्हणून लावतेय.

१४ जून

आज काही विशेष घडलं नाही. तेवढंच लिहायला बसले आहे.

दुपारचं जेवण वाढलं होतं. नवरा आत झोपलेला. मुंगी टेबलाखाली, पाठमोरी, चिंध्यांत. मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "मुंगी, जेवायला चल."

काही नाही.

मी तिथेच उभी राहिले. तीच पाठ, तेच केस, फेब्रुवारीतली तीच दुपार.  नळी निसटली की काय? पुन्हा पाणी भरलं की काय? "मुंगी?" म्हटलं. नियम मोडला हे नंतर लक्षात आलं. ती हलली नाही. आणि मग माझ्या तोंडून हाक निघाली ती आजींच्या पट्टीतली, खालच्या दुकानापर्यंत जाणारी. "मुंगीऽऽ!"

"अगं, पहिल्याच हाकेला ऐकलं मी," टेबलाखालून आवाज आला, मान न वळवता. "येत नाहीये. माझं काम चाललंय."

स्वयंपाकघरातून आजी कळवळून म्हणाल्या, "हळू गं बाई, माझ्या कानात यंत्र आहे." आतून नवरा उठून आला, केस विस्कटलेले, काय झालं, काय झालं करत. मी काय सांगणार? काही झालं नाही, तुझी मुलगी माझं ऐकत नाही, असं म्हटलं आणि मला हसू आवरेना.

मग मी टेबलाखाली वाकले, तिला पायाला धरून ओढलं. तिने मशीनचा पाय घट्ट पकडला आणि खिदळत, अजिबात न घाबरता, सोडणार नाही म्हणाली. मी ओढत राहिले. जेवण गार झालं. नवरा थोडा वेळ बघत उभा राहिला, मग पुन्हा जाऊन झोपला.